रोझमेरीचा फांट: वहिवाट आणि पुरावा



ज्या वैद्यराजांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांची एक शिस्त त्यांच्या शिष्यवर्गात आजही आदराने सांगितली जाते. एखाद्या वनस्पतीचे नाव घेऊन तिचा गुण कोणी विचारला, तर गुण सांगण्यापूर्वी ते उलट विचारीत की ती कोणत्या रूपाने द्यावयाची आहे, किती द्यावयाची आहे आणि कोणाला द्यावयाची आहे. आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या वनस्पतीविषयी ते एक अक्षरही बोलत नसत. आजचा विषय निवडताना ही शिस्त माझ्या डोळ्यांपुढे होती. रोझमेरी या परदेशी झुडपाच्या पानांचा चहा अलीकडे आपल्या शहरांतील दुकानांतून पाकिटांनी विकला जाऊ लागला आहे, आणि त्याच्या वेष्टनावर स्मरणशक्तीपासून केशवृद्धीपर्यंत व यकृतापासून रक्ताभिसरणापर्यंत इतक्या गुणांची फेरिस्त छापलेली असते की, त्यांतला कोणता गुण पेल्यातल्या पाण्याचा, कोणता तेलाचा आणि कोणता केवळ जुन्या लौकिकाचा, याचा निवाडा करणे सामान्य गिऱ्हाइकाला शक्यच होत नाही. तो निवाडा आपणांपुढे मांडावा, एवढेच माझ्या व्याख्यानाचे प्रयोजन आहे. हे झुडूप मला मनापासून प्रिय आहे. आणि जे प्रिय आहे त्याच्या नावावर भलत्याच गुणांचा जमाखर्च मांडला जाऊ नये, अशी माझी तळमळ आहे.

प्रथम या झुडपाचे घर पाहू. भूमध्य समुद्राभोवती, म्हणजे स्पेन, फ्रान्सचा दक्षिण भाग, इटली, मोरोक्को, ट्युनिशिया अशा देशांच्या किनाऱ्यालगत, चुनखडीच्या ज्या उघड्याबोडक्या टेकड्या आहेत, जेथे हिवाळ्यात पाऊस पडतो व उन्हाळा सारा कोरडा जातो, आणि जेथे दगडांच्या फटींत साठेल तेवढीच माती असते, तेथे रोझमेरी कोणी न लावता वाढते. दक्षिण फ्रान्समध्ये अशा खुरट्या सुगंधी रानाला ‘गारिग’ असे नाव आहे. भर दुपारी या रानातून चालणाऱ्याच्या कपड्यांना तिचा वास लागतो, आणि तिच्या फुलांवर पोसलेल्या मधमाश्यांचा फिकट रंगाचा मध, विशेषतः नारबोन या गावच्या परिसरातला, फार पूर्वीपासून नावाजलेला आहे.

तिचे एक पान फांदीवरून खुडून हातात घेतले तर ते सुरूच्या काडीसारखे अरुंद दिसते. मात्र ते चपटे असते, वरून गर्द हिरवे, चकचकीत व चिवट असते, आणि त्याच्या दोन्ही कडा खालच्या अंगाला वळलेल्या असतात. ही वळलेली कड नखाने उलगडली की आत पांढऱ्या लवीचे दाट अस्तर दिसते. पाण्याची वाफ पानातून सहजी निसटू नये, यासाठी निसर्गाने केलेली ती तजवीज आहे. आणि त्याच लवीच्या आश्रयाने सुगंधी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. पान चुरगाळले की त्या ग्रंथी फुटतात, बोटांना किंचित राळेचा चिकटपणा लागतो, आणि कापूर, निलगिरी व ओले लाकूड यांच्या मधला एक प्रखर पण स्वच्छ वास येतो. फूल लहान, फिकट निळे, दोन ओठांचे. या फुलावरून आणि चौकोनी कोवळ्या फांदीवरून जाणत्या माणसाला तिचे कुल तत्काळ ओळखता येते, कारण तुळस, सब्जा, पुदिना आणि मरवा ही आपल्या अंगणातील मंडळी त्याच कुलातील आहेत. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘रोझमारिनस ऑफिसिनॅलिस’ असे शास्त्रीय नाव दिले. पुढे आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून ती सेज या वनस्पतीच्या प्रजातीतच मोडते असे ठरल्यामुळे २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला ‘साल्विया’ प्रजातीत दाखल केले. जुन्या पुस्तकांत एक नाव आणि नव्या पुस्तकांत दुसरे आढळले, तरी झुडूप एकच समजावे.

या पानात जी द्रव्ये आहेत, ती मनुष्याच्या उपयोगासाठी निर्माण झालेली नाहीत, हे येथेच सांगून ठेवतो. पाण्याचा दुष्काळ आणि प्रखर ऊन एकाच वेळी अंगावर आले म्हणजे पानातील हरितद्रव्याचा कारभार बिघडतो. ग्रहण केलेला प्रकाश खर्च होत नाही, आणि त्यातून प्राणवायूची विध्वंसक रूपे उत्पन्न होऊन पेशी जळू लागतात. बार्सिलोनाच्या विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले आहे की, अशा संकटात पानातील कार्नोसिक आम्ल नावाचे द्रव्य त्या विध्वंसक रूपांना स्वतःच्या अंगावर घेते, स्वतः बदलते, आणि पेशीचे रक्षण करते. म्हणजे ज्या गुणासाठी आज या वनस्पतीची जगभर ख्याती आहे, तो गुण तिने चुनखडीच्या टेकडीवर तहानेने उभे राहून कमावलेला आहे. मला या गोष्टीचा विचार करताना नेहमीच एक प्रकारचा आदर वाटतो.

आता लौकिकाकडे वळू. रोझमेरीचा युरोपातील लौकिक दोन सहस्र वर्षांचा आहे. परंतु त्याचा तपशील नीट पाहिला तर त्यात पिण्याचा भाग फार थोडा निघतो. शार्लमेन बादशहाच्या काळी, इसवी सन ८०० च्या सुमारास, शाही मळ्यांत कोणकोणती झाडे लावावीत याविषयी जे फर्मान निघाले, त्याच्या यादीत तिचे नाव आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून तिच्या फुलापानांचा मद्यार्कातील अर्क ‘हंगेरीच्या राणीचे पाणी’ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि तो अंगाला लावण्यासाठी व हुंगण्यासाठी श्रीमंतांच्या घरी असे. लग्नात व प्रेतयात्रेत तिच्या डहाळ्या हाती धरण्याचा इंग्लंडात रिवाज होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात बुद्धिभ्रंश झालेली ओफेलिया स्मरणाची खूण म्हणून रोझमेरी देते, तेव्हा तिच्या हातात डहाळी आहे, पेला नाही. लंडन शहरात १६०३ साली प्लेगची मोठी साथ आली त्या वेळी हवा शुद्ध करण्यासाठी रोझमेरी जाळण्याची व नाकाशी धरण्याची इतकी धावपळ उडाली की, पूर्वी जी बारा पेन्सना कवेत मावेल एवढी मिळे, ती सहा शिलिंगांना मूठभर मिळू लागली; हा भाव टॉमस डेकर या लेखकाने त्याच वर्षाच्या आपल्या वृत्तांतात नोंदवून ठेवला आहे. आजही ऑस्ट्रेलियात २५ एप्रिल रोजी, पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणभूमीवर पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, लोक छातीवर रोझमेरीची डहाळी लावतात, कारण ती त्या टेकड्यांवर आपोआप उगवते.

या सगळ्या दाखल्यांत रोझमेरी हुंगली जाते, जाळली जाते, अंगाला चोळली जाते, छातीवर लावली जाते. स्मृतीशी तिचे जे नाते जोडले गेले, ते या सुगंधाच्या आणि विधीच्या वाटेने जोडले गेले. पिण्याचा जुना आणि स्पष्ट दाखला मला डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात आढळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिताना तो म्हणतो की, ही वनस्पती उष्णवीर्य असून कावीळ बरी करते, आणि ती पाण्यात उकळून व्यायामापूर्वी पाजावी. हा दाखला मला फार मोलाचा वाटतो, कारण पेयाच्या रूपाने रोझमेरीचा प्रवेश यकृत आणि पित्त यांच्या दाराने झाला आहे, आणि दक्षिण युरोपातील घरगुती वहिवाट पुढे शतकानुशतके याच दाराने जात राहिली. जड जेवण झाल्यावर, पोट फुगल्यावर, जेवणावरची वासना उडाल्यावर प्रोव्हान्सची गृहिणी रोझमेरीचा चहा करी. तेथे तो स्मरणशक्तीसाठी कोणी करीत नसे.

आपल्या प्राचीन संहितांत रोझमेरी नाही, आणि ती तेथे आहे असे दाखविण्याचा खटाटोप कोणी करू नये. परंतु तिच्याविषयी विचार कसा करावा, याची पद्धत मात्र आपल्या शास्त्राने उत्तम रीतीने घालून दिली आहे. चरकाने सूत्रस्थानात औषधी द्रव्याच्या पाच कषायकल्पना सांगितल्या: स्वरस, कल्क, शृत म्हणजे क्वाथ, शीत म्हणजे हिम, आणि फांट. शार्ङ्गधराने त्यांची प्रमाणे बांधून दिली. क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते आटवून अष्टमांश उरवावे. उलट फांटासाठी एक पल चूर्णावर एक कुडव, म्हणजे चौपट, कढत पाणी ओतून ठेवावे आणि मग गाळून घ्यावे. कठीण मुळे, साली व काष्ठे यांना क्वाथ योग्य. ज्या द्रव्याचा गुण वासात आहे आणि जो उकळीबरोबर हवेत निघून जातो, त्याला फांटच योग्य. एकाच वनस्पतीचा स्वरस, कल्क आणि फांट यांचे कार्य एकच नसते, हे त्या आचार्यांनी गृहीतच धरले आहे. रोझमेरीचा चहा हा या अर्थाने निव्वळ फांट आहे. आणि आजच्या बाजारातील सारा गोंधळ, तेलाचा, मद्यार्कातील अर्काचा, पानाच्या चूर्णाचा आणि फांटाचा गुण एकाच खात्यावर जमा केल्यामुळे झाला आहे.

आधुनिक रसायनशास्त्राने या विवेकाला भक्कम आधार दिला आहे. रोझमेरीच्या पानातील प्रमुख द्रव्ये तीन प्रकारची आहेत. एक बाष्पनशील तेल, ज्यात सिनिओल, कापूर आणि पाइनीन हे घटक जमिनीनुसार व जातीनुसार कमीअधिक प्रमाणात असतात; स्पेनच्या तेलात कापराचा अंश ठळक, तर ट्युनिशिया व मोरोक्कोच्या तेलात सिनिओलाचा. दुसरे, रोझमॅरिनिक आम्ल, जे १९५८ मध्ये स्कारपाती आणि ओरिएंते या इटालियन रसायनज्ञांनी याच पानातून प्रथम वेगळे काढले. तिसरे, वर सांगितलेले कार्नोसिक आम्ल व त्याचे भावंड कार्नोसोल. यांपैकी रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात चांगले विरघळते, आणि म्हणून ते पेल्यात उतरते. तेलाचा थोडा अंश वाफेबरोबर निघतो, त्यातला काही झाकणावर थिजतो, काही पाण्यात राहतो. परंतु कार्नोसिक आम्ल स्निग्ध द्रव्यांत विरघळणारे आहे. पाण्याला ते जवळजवळ दाद देत नाही, आणि गाळणीत जो चोथा उरतो त्याच्याबरोबर बहुतांशी टाकले जाते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मेंदूच्या पेशींच्या रक्षणाबाबत ज्या प्रयोगांची वर्तमानपत्रांतून वाहवा झाली, ते प्रामुख्याने शुद्ध कार्नोसिक आम्लावर, आणि तेही प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर झालेले आहेत. खाद्यतेले खवट होऊ नयेत म्हणून रोझमेरीचा जो अर्क युरोपात ई ३९२ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत घालण्याची मुभा आहे, त्याची शक्तीही याच स्निग्धद्राव्य द्रव्यांत आहे. २०१५ मध्ये इराणातील वैद्यकसंशोधकांनी टकलेपणाच्या शंभर रुग्णांवर सहा महिने जो प्रयोग केला, त्यात रोझमेरीचे तेल डोक्याला चोळले होते, आणि ते मिनॉक्सिडिल या केस उगवण्याच्या औषधाच्या दोन टक्क्यांच्या द्रावणाच्या तोडीस उतरले; त्या प्रयोगात औषधाविना ठेवलेला गट नव्हता, ही त्याची उणीव, आणि त्याचा चहाशी संबंध मुळीच नव्हता, ही आपल्या दृष्टीने मुख्य गोष्ट. असे असता चहाच्या पाकिटावर या प्रयोगांच्या भरवशावर शिफारस छापणे म्हणजे एकाच्या दप्तरातील दाखला दुसऱ्याच्या नावे लावणे होय, आणि ज्याला खरोखर औषधाची गरज आहे अशा माणसाची त्यात फसगत होते.

मग फांटाच्या पदरात काय उरते? माझ्या मते जे उरते ते थोडे असले तरी खरे आहे. युरोपीय संघाच्या औषधविषयक संस्थेने रोझमेरीच्या पानाचा जो शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला आहे, त्यात अग्निमांद्य आणि आतड्यांतील सौम्य पेटके यांवर आराम पडावा म्हणून त्याचा फांट घेण्यास मान्यता दिली आहे. प्रमाण असे की, एक ते दोन ग्रॅम बारीक केलेले पान, दीडशे मिलिलिटर उकळते पाणी, दिवसातून दोन ते तीन वेळा. त्याच लेखात स्नायू आणि सांधे दुखत असता अंघोळीच्या पाण्यात काढा घालण्याचाही उल्लेख आहे, आणि स्पेनमध्ये मद्यार्कात भिजवलेली रोझमेरी शेतकऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्यांना चोळण्याची जी चाल आहे, तिच्याशी तो जुळतो. जर्मन सरकारच्या तज्ज्ञ आयोगानेही अपचनाच्या तक्रारींसाठी तिला पूर्वीच संमती दिली होती.

येथे एक कायद्याची बाब मी मुद्दाम आपणांपुढे ठेवतो, कारण ती न्यायबुद्धीची आहे. युरोपातील ही मान्यता ‘पारंपरिक उपयोग’ या सदराखाली दिलेली आहे. २००४ च्या निर्देशान्वये, एखादी वनौषधी किमान ३० वर्षे, आणि त्यांपैकी १५ वर्षे युरोपीय संघातच, औषध म्हणून वापरात असेल व तीपासून अपाय झाल्याचे दिसत नसेल, तर तिच्या परिणामाचा सिद्ध पुरावा नसतानाही तिला या सदरात नोंदता येते. मात्र वेष्टनावर ही मान्यता दीर्घ वापराच्या आधारे आहे असे स्पष्ट लिहावे लागते. आपल्याकडील जमिनीच्या व्यवहारात वहिवाटीला जसा एक हक्क असतो, आणि तरीही वहिवाट म्हणजे खरेदीखत नव्हे, तसाच हा भेद आहे. रोझमेरीच्या फांटाजवळ पोटाच्या तक्रारींबाबत दीर्घ आणि निर्वेध वहिवाट आहे. मोठ्या चिकित्साप्रयोगाचे खरेदीखत अद्याप तिच्याजवळ नाही. हे सांगण्यात त्या फांटाचा अवमान नाही. जेवणानंतर जड वाटणाऱ्या पोटाला सुगंधी, किंचित कडू, कढत पेयाने हलके वाटणे ही गोष्ट ओवा, बडीशेप आणि आले यांच्या देशात कोणाला पटवून द्यावी लागेल असे मला वाटत नाही. सुगंधी तेलाने आतड्यांचे स्नायू सैल पडतात आणि कडू रसाने लाळ व पाचकस्राव चाळवतात, एवढी त्यामागची कारणमीमांसा पुरेशी आहे.

स्मृतीचा प्रश्न मात्र अधिक सूक्ष्म आहे, आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. इंग्लंडातील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये १४४ माणसांची परीक्षा घेतली. काहींना रोझमेरीच्या, काहींना लॅव्हेंडरच्या सुगंधाने भरलेल्या खोलीत बसविले, आणि काहींना साध्या खोलीत. रोझमेरीच्या खोलीत बसलेल्यांची स्मरणाची गुणवत्ता वाढलेली, परंतु आठवण्याचा वेग मंदावलेला आढळला. ओफेलियाच्या हातातल्या डहाळीला या प्रयोगाने थोडा आधार दिला, असे म्हणता येईल. पण तो सुगंधाचा प्रयोग होता. पोटात घेतलेल्या रोझमेरीविषयी २०१२ मध्ये पेंगेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला अधिक बोधप्रद वाटतो. सरासरी ७५ वर्षे वयाच्या २८ स्त्रीपुरुषांना वाळलेल्या पानांचे चूर्ण निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या मात्रेत दिले: ७५० मिलिग्रॅम, दीड ग्रॅम, तीन ग्रॅम आणि सहा ग्रॅम, आणि त्यांखेरीज निव्वळ लुटुपुटीची मात्रा. सर्वांत लहान मात्रेने, म्हणजे स्वयंपाकात सहज पडेल एवढ्या चिमूटभर चूर्णाने, स्मरणाचा वेग सुधारला. सर्वांत मोठ्या मात्रेने तो लक्षणीय रीतीने खालावला.

मात्रेविषयी आपल्या आचार्यांनी जे कळकळीने लिहून ठेवले, त्याचा याहून स्पष्ट पडताळा मी अन्यत्र पाहिलेला नाही. थोड्याने लाभ झाला म्हणून पुष्कळाने पुष्कळ लाभ होईल, हा हिशेब औषधीच्या बाबतीत चालत नाही. एकच पान, एकच माणूस, आणि मात्रा आठपट होताच परिणाम उलट्या दिशेला. हा प्रयोग लहान होता, एकेका दिवसाचा होता, आणि तो चूर्णाचा होता, म्हणून त्यावरून विस्मरणाच्या रोग्याला रोझमेरीचा चहा सुचविण्याचा अधिकार मला नाही आणि कोणालाही नाही. परंतु जो गडद, कडू, मूठभर पाने घालून केलेला काढा ‘जास्त गुणकारी’ म्हणून पिण्याचा मोह लोकांना होतो, त्या मोहाविरुद्ध मात्र हा प्रयोग भक्कम साक्ष देतो.

या फांटाचा आणखी एक लाभ आहे, जो कोणत्याही वेष्टनावर छापलेला नसतो. रोझमेरीच्या फांटात कॅफीन नाही, आणि त्याला दूध व साखर लागत नाही. तिची कापरासारखी चव दुधाशी जुळतही नाही. आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत दिवसाकाठी चार कप उकळलेला गोड चहा ही साधी गोष्ट आहे. कपात दोन चमचे साखर धरली तर चार कपांत तीस ग्रॅमांहून अधिक साखर होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी अधिक हितकर म्हणून सुचविलेली मर्यादा आहे, ती प्रौढ माणसासाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमांची. त्या चार कपांपैकी दोहोंची जागा जरी बिनसाखरेच्या फांटाने घेतली, तरी पंधरा ग्रॅमांहून अधिक साखर रोज टळते. मधुमेहाने गांजलेल्या आपल्या समाजात रोझमेरीच्या चहाचा सर्वांत मोठा उपकार कदाचित हाच ठरेल. गवती चहाने, पुदिन्याने किंवा तुळशीनेही तो होईल, आणि ज्याच्या परसात ती आहेत त्याने परदेशी पानासाठी पैसे मोडण्याचे कारण नाही.

तरी ज्यांना रोझमेरीच हवी, त्यांनी ती शक्यतो घरी लावावी. निलगिरी पर्वताच्या थंड उतारांवर तिची लागवड पुष्कळ वर्षांपासून होते. महाराष्ट्रात कुंडीत ती नीट राहते, मात्र आपला पावसाळा तिला मानवत नाही. मुळांशी पाणी साचले की ती आठवड्यात काळी पडते, म्हणून कुंडीला मोठे भोक, मातीत निम्मी वाळू व थोडा चुना, आणि आषाढ-श्रावणात आडोसा, एवढी काळजी घ्यावी. बियांपेक्षा वीतभर कलमावरून ती लवकर धरते. पाने सावलीत वाळवून झाकणाच्या बरणीत ठेवावीत. फांट करताना सपाट चमचाभर वाळकी पाने हातावर चुरून पेल्यात घालावीत, उकळी येऊन शांत झालेले पाणी ओतावे, आणि तत्काळ झाकण ठेवावे. दहा मिनिटांनी झाकण उचलले की त्याच्या आतल्या अंगाला बारीक थेंब लटकलेले दिसतात. ते थेंब पेल्यात झटकून घ्यावेत, कारण निसटू पाहणारे तेल त्यांतच सापडलेले असते. पाने पाण्याबरोबर पातेल्यात खळखळ उकळणारा माणूस सुगंध स्वयंपाकघराला देतो आणि कडवटपणा स्वतःला ठेवतो.

आता मनाईची बाजू. पित्तमार्गात अडथळा, पित्ताशयात खडे किंवा यकृताचा विकार असेल, तर वैद्याच्या सल्ल्यावाचून हा फांट घेऊ नये. जो फांट पित्ताला चालना देतो म्हणून सांगितला जातो, तो अडलेल्या मार्गावर उपद्रवच करणार. गर्भवती स्त्रीने अन्नातली चिमूट सोडून औषधी मात्रेत रोझमेरी घेऊ नये. अपस्माराच्या रोग्याने विशेषतः तिचे तेल टाळावे, कारण त्यातील कापूर झटक्यांना निमंत्रण देतो. बारा वर्षांखालील मुलांसाठी युरोपातील संस्थेने शिफारस केलेली नाही, आणि तेल तर कोणीही आपल्या बुद्धीने पिऊ नये. रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील त्यांनी रोजचा परिपाठ सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

शेवटची बाब मी आपल्या स्त्रियांसाठी राखून ठेवली आहे, आणि ती मला सर्वांहून अधिक महत्त्वाची वाटते. दक्षिण युरोपातील वहिवाट हा चहा जेवणावर घेण्याची आहे. तिकडच्या जेवणात मांस असते. मांसातील लोह शरीर सहज घेते. आपल्याकडे लोह येते ते बाजरी, नाचणी, मेथी, हरभरा आणि गूळ यांतून, आणि हे वनस्पतिज लोह चहातील कषाय द्रव्यांच्या तावडीत चटकन सापडते. २००१ मध्ये तरुण स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात अन्नात रोझमेरीचा अर्क मिसळल्यावर अशा लोहाचे शोषण घटलेले आढळले. घट माफक होती. पण तो अर्क होता असे म्हणून आपण सुटू शकत नाही, कारण १९९९ मध्ये हरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पेल्यांची परीक्षा केली, तेव्हा जेवणाबरोबर घेतलेल्या काळ्या चहाने लोहशोषण ७९ ते ९४ टक्के घटले, आणि पेपरमिंटच्या चहाने ८४ टक्के. पेपरमिंट ही रोझमेरीची सख्खी कुलबहीण, आणि तिच्याही पानात रोझमॅरिनिक आम्ल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुरोगाने ग्रस्त आहेत. त्यांच्या ताटातले तुटपुंजे लोह आरोग्यदायी समजल्या जाणाऱ्या पेयाने हिरावून घ्यावे, हे मला असह्य वाटते.

तेव्हा वनस्पती घ्यावी, पण तिच्याबरोबर तिकडची वेळ आणू नये. भाकरी, पालेभाजी आणि लिंबाची फोड असलेल्या ताटाजवळ हा पेला नको, लोहाच्या गोळीजवळ तर नकोच. जेवणापूर्वी आणि नंतर किमान दीड-दोन तास मोकळे ठेवावेत. ज्यांचा पांडुरोग वैद्याने निश्चित केला आहे, त्यांनी रक्त सुधारेपर्यंत दिवसाला एकाच पेल्यावर थांबावे. बाकीच्यांना, दुपारचे जेवण पचत आलेले आणि रात्रीचे अजून लांब असलेले, अशी चार वाजताची जी आपल्या घरोघरीची चहाची वेळ आहे, तीच या फांटालाही योग्य आहे.